पालिकेच्या दारात बर्फ

कीनुएताई होशिना माझ्या समोरच्या घरात राहते. मधे रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला पाण्याचा चर. हिवाळाभर आम्ही त्याच चरात बर्फ लोटतो. ओकुसावा वस्तीत केस कापायचं दुकान माझं एकटीचंच, त्यामुळे कोणाचं कोणाशी बिनसलंय ते मला लवकर कळतं. कीनुएताईचं बहुतेकांशी बिनसलेलं असतं, आणि ते ती स्वतःच येऊन सांगते, खुर्चीत बसायच्या आधीच.

ती मूळची इथली नव्हे. डोंगराच्या पलीकडची, जिथे हिवाळाभर कोरडं ऊन असतं आणि लोक जानेवारीत गाद्या वाळत घालतात. तात्सुजी होशिनाशी लग्न करून ती इथे आली. तात्सुजीदादा उन्हाळ्यात भात लावायचे आणि हिवाळ्यात समोरच्या डोंगरावरच्या शिरामोरी स्की मैदानावर लिफ्ट चालवायचे. लिफ्टचा बसायचा पाळणा येऊन माणसाच्या गुडघ्यामागे आदळू नये म्हणून तो हाताने धरून ठेवायचा, हे त्यांचं काम. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, एकामागून एक पाळणा. कीनुएताई त्याच मैदानावरच्या खानावळीत करी-भात रांधायची. शहरातून येणाऱ्या लोकांना बर्फ बघून आनंदाने किंचाळताना तिने इतकी वर्षं ऐकलं होतं की कोणी "किती सुंदर" म्हटलं की तिच्या कपाळावर आठी चढायची.

पहिल्या हिवाळ्यात तिने सासूला विचारलं होतं, "हा बर्फ थांबतो कधी?"

सासू म्हणाली, "एप्रिलात."

"आणि तोवर?"

"तोवर फावडं."

हे ती आजही सांगते आणि सासूवर आजही चिडते.

आमच्याकडचा बर्फ भुरभुरीत नसतो. समुद्रावरून येतो, ओला, जड. छपरावर साठला की घराचे खांब कुरकुरतात, सरकती दारं चौकटीत अडकतात, आणि मग कोणाला तरी शिडी लावून वर जावंच लागतं. पहाटे बर्फ काढणारी गाडी येते. ती रस्ता साफ करते आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ आमच्या दारांपुढे भिंतीसारखा लोटून जाते. रस्ता मोकळा, दार बंद. आम्ही बाकीचे पुटपुटत फावडं उचलतो. कीनुएताई मात्र रोज बाहेर येऊन त्या गाडीवाल्याला ऐकवायची, "अरे, तुझ्या आईच्या दारात पण असाच टाकतोस का?" गाडीच्या आवाजात त्याला काही ऐकू जायचं नाही. तो हसून हात करायचा, आणि त्याने तिचं डोकं आणखी फिरायचं.

मग तो मोठ्या बर्फाचा हिवाळा आला.

जानेवारी सरत आला तरी आभाळ उघडेना. चर तुंबला. आधी आम्ही बर्फ अंगणात टाकला, मग शेताच्या बाजूला, मग जुन्या बर्फावर. रस्त्याच्या दोन्ही कडांचे ढीग वळचणीला टेकले. माझ्या दुकानाच्या खिडकीतून फक्त पांढरी भिंत दिसायची. छपरावरून बर्फ खाली टाकायला जागाच उरली नव्हती. अशा वेळी एकच उपाय असतो, डंपर बोलवायचे आणि बर्फ उचलून नदीकाठी नेऊन टाकायचा. पालिकेकडे डंपर होते. आमचे वस्तीप्रमुख ओत्सुका यांनी फोन केला. ते फार नम्र माणूस, फोनवर बोलतानासुद्धा कमरेत वाकतात. तिकडून रस्ते विभागाचे प्रमुख नागुमो म्हणाले, "सध्या डंपर उपलब्ध नाहीत. कृपया थोडं सहन करा."

ओत्सुकांनी "हो, हो, त्रास दिला" म्हणून फोन ठेवला.

कीनुएताईने तिच्या माडीच्या खिडकीतून बघितलं तर समोरच्या डोंगराच्या रस्त्याने डंपर रांगेने शिरामोरीकडे चढत होते. तिथे शाळांच्या स्की शर्यती होत्या आणि गाड्या उभ्या करायला मैदान मोकळं करायचं होतं. तिने स्वतः फोन लावला.

"नागुमो-सान, मला तुमचे डंपर दिसतायत."

"होशिना-सान, शर्यती आधीच ठरलेल्या असतात."

"बर्फ काय आम्ही ठरवून पाडलाय?"

"तुमची अडचण कळते. विचार करतो."

त्यानंतर दोनच दिवसांनी तात्सुजीदादा छपरावर गेले. दारं उघडेनाशी झाली होती. समोरच्या बाजूला बर्फ टाकायला जागा नव्हती, म्हणून ते छपराच्या मागच्या उतारावर गेले. कीनुएताई खाली होती. वरच्याने टाकायचं आणि खालच्याने बाजूला करायचं, असं ते नेहमीच दोघं मिळून करायचे. मागच्या उतारावरचा सगळा बर्फ एकाच वेळी सुटला आणि तात्सुजीदादांना घेऊन खाली आला. मी दुकानात ओत्सुकांचे केस कापत होते. आवाज आला, जणू ट्रकमधून वाळू ओतली. मग कीनुएताईची हाक आली.

घराला वळसा घालून मागे जायला वाट नव्हती. आम्ही तिच्या घरातून, जिन्याने वर, मागच्या खिडकीतून बाहेर पडलो. ओत्सुका गळ्यात कापड, अर्धे केस कापलेले, तसेच खणत होते. कीनुएताईच्या हातात फावडं होतं, पण अंगाला लागेल म्हणून तिने ते टाकून दिलं आणि हातांनी उकरायला लागली. आधी बूट दिसला. रुग्णवाहिका खालच्या वळणावर अडकली, कारण त्या दिवशी आमचा रस्ता साफ झालाच नव्हता. ती माणसं स्ट्रेचर घेऊन चालत वर आली. येईपर्यंत तात्सुजीदादा गेले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बातम्यांत आलं. आम्ही चार बायका तिच्याकडे बसलो होतो, टीव्ही कोणीतरी लावला होता. निवेदिका म्हणाली, "ओकुसावा येथे छपरावरील बर्फ काढताना तात्सुजी होशिना, वय त्र्याहत्तर, बेरोजगार, यांचा मृत्यू झाला. ते एकटेच काम करत होते आणि त्यांनी दोर किंवा शिरस्त्राण वापरलं नव्हतं. वयस्कर नागरिकांनी काळजी घ्यावी." मग या हिवाळ्यात बर्फाने किती माणसं गेली तो आकडा. मग तिचा चेहरा एकदम उजळला. "आणि स्कीप्रेमींसाठी आनंदाची बातमी." पडद्यावर शिरामोरीचा उतार, लाल-निळे कपडे घातलेली माणसं घसरत येतायत, आणि लिफ्ट फिरतेय.

कीनुएताई रडली नव्हती तोवर. तेव्हाही नाही रडली. म्हणाली, "बेरोजगार?"

कोणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.

"शेतात जन्म गेला माणसाचा. ती लिफ्ट दिसतेय ना, ती हा माणूस चालवत होता. बेरोजगार? आणि एकटा? मी काय होते तिथे? कुत्रं होते?"

मी म्हटलं, "ताई, ते लोक पोलिसांनी दिलेलं वाचतात."

"मग पोलिसांना डोळे नाहीत."

सकाळी टीव्हीवाले आले. चिनो नावाचा एक तरुण वार्ताहर, पिवळा नवा कोट, हातात रंगीत पट्ट्यांची काठी. आधी त्याने काठी बर्फात खुपसून आपल्या डोक्यावर हात ठेवून दाखवलं की बर्फ त्याच्यापेक्षा उंच आहे. मग भिंतीला अजून लावलेल्या शिडीचं चित्रण झालं. मग तो दाराशी आला, आवाज मऊ केला आणि म्हणाला, "आजी, आत्ता मनात काय भावना आहेत?"

कीनुएताईने त्याच्याकडे पाहिलं. आत गेली. फावडं घेऊन आली आणि त्याच्या हातात दिलं.

"धर. बोलता बोलता हात चालव. दार बंद झालंय माझं."

बिचाऱ्याने चार फावडी बर्फ काढला. कॅमेरावाल्याने तेही टिपलं. संध्याकाळी बातम्यांत दाखवलं की आमच्या वार्ताहराने शोकाकुल आजींना मदतीचा हात दिला. तात्सुजीदादांविषयी तेच पुन्हा, बेरोजगार, एकटे.

अंत्यविधीला नागुमो आले. काळा सूट, मान खाली. उदबत्ती लावून मागे सरकले तशी कीनुएताई सगळ्यांच्या देखत म्हणाली, "नागुमो-सान, डंपर मोकळे झाले का?"

शर्यती आदल्याच दिवशी संपल्या होत्या. डंपर खरंच मोकळे झाले होते. त्याच दुपारी ते आमच्या वस्तीत आले आणि दोन दिवसांत सगळा रस्ता स्वच्छ करून गेले. ओत्सुका चालकांसाठी गरम चहाचा कप घेऊन गेले. कीनुएताईने तो कप मधेच त्यांच्या हातातून घेतला आणि चरात ओतला. तेव्हापासून ते दोघं बोलेनासे झाले.

पुढचे दोन हिवाळे साधे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात बर्फ जवळजवळ पडलाच नाही. जानेवारीत भाताची खुंटं उघडी, डोंगर तपकिरी. आम्ही एकमेकींना भेटलो की हळूच म्हणायचो, काय बरं वाटतंय ना, आणि मग गप्प व्हायचो, कारण शिरामोरीत कामाला जाणारी माणसं घरी बसली होती. टीव्हीवर रोज उदास चेहऱ्याने उघडा उतार दाखवायचे. निवेदिका असा सुस्कारा टाकायची जणू तिच्याच घरात कोणी गेलंय.

शाळांच्या शर्यती पुन्हा शिरामोरीतच होत्या. बर्फ कुठून आणायचा? सबंध परिसरात साचलेला बर्फ एकाच ठिकाणी उरला होता, कीनुएताईच्या वरच्या शेतात. ते शेत उत्तरेला तोंड करून खोलगटात आहे. ऊन पोचत नाही आणि वारा शिखरावरचा सगळा बर्फ तिथे आणून टाकतो. मे महिन्यापर्यंत तिथे भात लावता येत नाही, म्हणून तात्सुजीदादा त्या शेताला कायम शिव्या घालायचे.

एके सकाळी दुकानाची काच थरथरली. बाहेर बघते तर डंपर. एक, दोन, मोजायचं सोडून दिलं. इंजिन चालू ठेवून रांगेने उभे. पुढच्या मोटारीतून नागुमो उतरले आणि त्यांच्याबरोबर शिरामोरीचे व्यवस्थापक इसोगाई, हातात मिठाईचा डबा. ते तिच्या दाराकडे वळले तशी मी हातातला टॉवेल टाकून रस्ता ओलांडला. असं काही चुकवायची माझी तयारी नव्हती.

इसोगाईंनी वाकून नमस्कार केला. "होशिना-सान, बऱ्याच दिवसांनी. तुमच्या हातच्या करीची आठवण अजून लोक काढतात."

"काम काय?"

"मुलांच्या शर्यतीसाठी... तुमच्या वरच्या शेतातला बर्फ मिळाला तर फार उपकार होतील."

"मिळाला तर?" तिने त्यांच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं. "विचारायला आलात की उचलायला?"

नागुमो घाईने म्हणाले, "आजी, तसं नाही. वेळ कमी आहे म्हणून गाड्या आधीच..."

"मी तुझी आजी नाही."

"माफ करा. होशिना-सान."

"हे डंपर कोणाचे?"

"पालिकेचे."

"म्हणजे आहेत तुमच्याकडे. मला वाटलं, मोडीत काढले."

नागुमोंचे कान लाल झाले. तिने मिठाईचा डबा घेतला नाही, दार लावून घेतलं. दोघं दारात उभे राहिले, काय करावं कळेना. तेवढ्यात घराच्या बाजूने बर्फ उडवायच्या यंत्राचा आवाज आला. तिने ते जुनं यंत्र बाहेर काढलं, शेताकडे जाणाऱ्या अरुंद वाटेच्या तोंडाशी आडवं लावलं, किल्ली काढून खिशात टाकली आणि एक खोकं पालथं घालून त्यावर बसली.

दुपारपर्यंत वस्तीत दोन पक्ष पडले. बरेच जण म्हणत होते, जाऊ दे ना, बर्फच तर आहे, मुलांचा काय दोष? ओत्सुकांची नात त्या शर्यतीत उतरणार होती. तीन वर्षांचा अबोला सोडून ते कीनुएताईसमोर आले.

"कीनुए-सान, मुलं वर्षभर सराव करतात हो. तात्सुजी असता तर त्याने स्वतः फावडं घेऊन भरून दिला असता."

"हो, दिला असता," ती म्हणाली. "आणि तुम्ही त्याला चहा दिला असता. असंच वाकत राहिलात, म्हणून तर तो मेला."

ओत्सुका मागे सरकले. मला तेव्हा त्यांची दया आली, आणि तिचा रागही आला. मी म्हटलं, "ताई, हे जरा जास्त झालं."

"फुसाए, तू घरी जा. तुझं दुकान उघडं आहे."

मी गेले नाही. थर्मास आणला आणि दुसरं खोकं आणलं.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवाले आले. तोच चिनो, आता जरा जाडावलेला, कोट मात्र तसाच पिवळा. त्याने तिला ओळखलं नाही. तिने त्याला लगेच ओळखलं.

"बर्फ द्यायला तुमचा विरोध का आहे?" त्याने विचारलं.

"विरोध नाही. बर्फ घेऊन जा. सगळा न्या, मला काय त्याचं लोणचं घालायचंय? पण महापौरांनी इथे यावं आणि कॅमेऱ्यासमोर सांगावं की पुढच्या वेळी आमची वस्ती बुजली तर डंपर आधी इथे येतील, शर्यत असो नसो. आणि दुसरं, तू. तू माझ्या नवऱ्याला बेरोजगार म्हणालास. तो शेतकरी होता, आणि शिरामोरीची लिफ्ट त्याने चालवली. तो एकटा नव्हता, मी खाली होते. पालिकेच्या डंपरनी जागा केली नाही म्हणून तो मागच्या उतारावर गेला. हे जसंच्या तसं दाखवायचं."

चिनोने मान डोलावली. "नक्की."

महापौर तिसऱ्या दिवशी आले. गुबगुबीत, हसरे. त्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं की ओकुसावाच्या नागरिकांचं जीवन हीच पालिकेची पहिली काळजी आहे आणि जोराचा बर्फ झाला तर डंपर आधी तिथेच जातील. कीनुएताईने तेच त्यांच्याकडून दोनदा म्हणून घेतलं. मग किल्ली काढली, यंत्र बाजूला केलं आणि स्वतः पुढे चालत जाऊन कुठून भरायचं ते दाखवलं. संध्याकाळपर्यंत शेताचा तळ दिसायला लागला.

शर्यती झाल्या. तपकिरी डोंगरावर एक पांढरा पट्टा, त्यावरून मुलं उतरली. ओत्सुकांची नात पडली, पण उठून शेवटपर्यंत गेली.

बातमी आली तेव्हा मी तिच्याकडेच होते. मागे पियानो वाजत होता. कीनुएताई शेताच्या कडेला उभी आहे असं दाखवलं, आणि निवेदिकेचा गदगदलेला आवाज. "बर्फावर प्रेम करणाऱ्या दिवंगत पतीच्या आठवणीत, या आजींनी आपल्या शेतातला बर्फ मुलांना भेट दिला." मग महापौर तिच्याशी हात मिळवताना. मग मुलांचे आभार. डंपरविषयी एक शब्द नाही. ती जे बोलली होती त्यातलं फक्त "सगळा न्या" एवढंच ठेवलं होतं.

तिने उठून टीव्हीची तार भिंतीतून उपटली, टीव्ही उचलला आणि मागच्या शेडमध्ये, खताच्या पोत्यांवर नेऊन ठेवला. परत येऊन बसली.

"बर्फावर प्रेम," ती म्हणाली. "बर्फावर प्रेम करणारा नवरा."



पुढच्याच हिवाळ्यात बर्फ मोठा झाला, त्या वर्षासारखाच. डिसेंबरातच चर तुंबला. या वेळी मात्र वस्तीत कोणाला काळजी नव्हती, महापौर बोलले होते ना. ओत्सुकांनी वाकून फोन केला. नागुमो म्हणाले, "सध्या सगळ्या बाजूंनी मागणी आहे. महापौरसाहेब म्हणाले होते ते शक्य असेल तेव्हा, असा त्याचा अर्थ होता." ओत्सुकांनी "हो, हो" केलं आणि फोन ठेवला. आम्ही कीनुएताईला सांगायला घाबरत होतो. शेवटी मीच गेले.

तिने ऐकलं. अंगात कोट घातला, डोक्याला रुमाल बांधला, तात्सुजीदादांचा छोटा टेम्पो बाहेर काढला आणि मागे दारासमोरचा बर्फ भरायला लागली. मी विचारलं, "कुठे?"

"पालिकेत."

"अहो, काय बोलणार जाऊन?"

"बोलून झालंय."

मी शेजारी बसले. खाली गावात पालिकेची नवी काचेची इमारत आहे. तिच्यापुढचा फरशीचा चौक कधी बर्फाने झाकला जात नाही, कारण फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या गेल्यात. आमच्या वस्तीला गाडी मिळत नाही आणि इथल्या फरशीला ऊब. कीनुएताईने टेम्पो मुख्य दाराशी उलटा लावला, मागची फळी पाडली आणि फावड्याने सगळा बर्फ दारात लोटला. काचेची दारं आपोआप उघडायची, उघडली, आणि बर्फ अर्धा आत गेला. आतले कारकून खुर्च्यांवरून उठून बघत राहिले.

नागुमो धावत आले. "होशिना-सान, हे काय करताय?"

"आमच्याकडे टाकायला जागा नाही. तुमच्याकडे आहे. थोडं सहन करा."

"हे बेकायदेशीर आहे."

"मग पोलिसांना बोलवा. येतील ते, तुमचा रस्ता साफ आहे."

पोलीस आला, गावातलाच, वयाने लहान. त्याने नाव, वय लिहून घेतलं, व्यवसाय विचारला. ती म्हणाली, "शेती. आणि नीट लिही." तो शब्द लिहून होईपर्यंत ती त्याच्या मागे उभी राहून बघत होती. त्याने समज दिली आणि सोडलं. आम्ही परत आलो, आणि तिने टेम्पोत पुन्हा बर्फ भरायला घेतला.

संध्याकाळी ओत्सुका पालिकेत जाऊन वस्तीच्या वतीने माफी मागून आले. ते कळलं तेव्हा ती त्यांच्या दारात गेली आणि एवढंच म्हणाली, "माझ्या वतीने वाकायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?" ते दार लावून आत गेले.

पण सकाळी मी दुकान उघडायच्या आधी बाहेर आवाज झाला. पाहते तर तिच्या टेम्पोमागे आणखी टेम्पो उभे होते. खालच्या आळीतले सोबाजिमा नवरा-बायको, मशरूमवाला, लाकडाच्या गिरणीतले दोघं भाऊ, सगळे आपापल्या दारातला बर्फ भरत होते. कोणी एकमेकांशी बोलत नव्हतं. मीही माझ्या दारातला भरला. दुपारपर्यंत पालिकेच्या चौकात एवढा ढीग झाला की खालच्या गरम नळ्यांनीही तो वितळेना. आतल्या माणसांना मागच्या दाराने ये-जा करावी लागली. कीनुएताई ढिगाशेजारी फावडं टेकवून उभी होती. कोणी तिला म्हणालं, आता पुरे. ती म्हणाली, "माझ्या छपरावर अजून आहे."

त्याच संध्याकाळी डंपर आले. आमच्या रस्त्याने. त्या हिवाळ्यात ते तीनदा आले, आणि त्यानंतरच्या प्रत्येक मोठ्या बर्फात येतात. वर्षअखेरच्या वस्तीच्या जेवणात ओत्सुकांनी नागुमोंना बोलावलं, त्यांना साकेची बाटली दिली आणि वस्तीच्या वतीने आभार मानले. कीनुएताई ताट अर्धं टाकून उठून गेली. मीही उठले, पण मला भूक होती, म्हणून भाताचे दोन गोळे रुमालात बांधून घेतले.

आता तिने पंचाहत्तरी ओलांडली आहे. छपरावर जात नाही. गावातून तरुणांची एक टोळी येते, दोर, शिरस्त्राण, सगळं लावून. ती खाली उभी राहून त्यांना ओरडत असते. खालच्या आळीतली दोन घरं रिकामी झाली, तिसऱ्याचं छप्पर मागच्या वर्षी बसलं. मुलगा तोक्योला असतो. तो म्हणतो, आई, ये ना इकडे. या जानेवारीत गेली होती. आठवडाभरात परत आली.

"काय झालं?" मी विचारलं. ती खुर्चीत बसली होती आणि मी तिच्या मानेवरचे केस कापत होते.

"तिथे बर्फ पडला. बोटभर. दिवसभर टीव्हीवर तेच. गाड्या बंद, ऑफिसं लवकर सोडली, बूट घसरून पडलेली माणसं पुन्हा पुन्हा दाखवत होते. एक बाई हात मोडून रडत होती, तिला विचारत होते काय भावना आहेत. आणि इकडे त्याच दिवशी आपल्याकडे किती होता?"

"वळचणीपर्यंत."

"एक शब्द नाही. सून म्हणते, आई, किती भयंकर ना. मी म्हटलं, हो. मग मुलगा म्हणतो, बघ, इथे तू सुरक्षित आहेस. त्याच्या घराच्या गॅलरीत मूठभर बर्फ होता, तो काढायला त्याने फोन करून माणूस बोलावला. माणूस, फुसाए. गॅलरीतल्या मुठीसाठी."

"ताई, मान हलवू नकोस."

"बापाने छपरावर जन्म घालवला आणि हा..."

"ताई, कान कापला जाईल."

तिने मान सरळ धरली. मग पुन्हा सुरू झाली.